पातेल्यावरचं नाव

१६ नोव्हेंबर १९९३, जिंतूर

या घरात माझ्या नावाचं एकही भांडं नाही, ही गोष्ट आज सकाळी पाणी पिताना ध्यानात आली आणि दिवस नासला. लग्न झाल्यापासून मी ज्या पेल्यानं पाणी पितो त्यावर 'कस्तुराबाईकडून चि. सौ. कां. पार्वतीस सप्रेम' असं कोरलेलं आहे. कस्तुराबाई ही माझ्या बायकोची आत्या. उभ्या जन्मात एकदाच भेटली, आणि त्या भेटीतही तिनं माझ्या उंचीवर शंका काढली. जेवायचं ताट सासऱ्यांच्या नावाचं. अंघोळीचा तांब्या कुणा भगवानरावांचा. हे भगवानराव कोण, हे आता पार्वतीलाही सांगता येत नाही, पण रोज सकाळी माझ्या डोक्यावर पाणी तेच ओततात. ज्या मास्तरचे टोमणे परभणीच्या साप्ताहिकात छापून येतात आणि वाचून माणसं दुखावतात, त्यानं जन्मभर परक्याच्या नावावर खावं-प्यावं, आणि शासनानं यावर अजून एक साधी समितीही नेमू नये!

पार्वतीजवळ बोललो. ती म्हणाली, "पाणी गोड लागायलंय ना? मग प्या की गप."

भाऊबीजेला मनकर्णा आली आहे. माझी धाकटी बहीण. तिचं बोरीच्या पुढं खेड्यात 'जगदंबा बिछायत केंद्र' आहे. लग्नाला मंडप, सतरंज्या आणि स्वयंपाकाची भांडी भाड्यानं द्यायची. दाजी, म्हणजे दत्तराव, मंडपाच्या उंच लाकडी बल्लीवरून पडून कमरेतून गेले. तेव्हापासून ते बाजेवर आणि धंदा हिच्या डोक्यावर. त्यात इथल्या एकानं झालरी, खुर्च्या आणि व्हिडिओ शूटिंग असं सगळं एकदम द्यायला सुरुवात केली आहे. मागच्या हंगामात हिची भांडी निम्मा वेळ पालथीच होती.

"दादा, तुमी पेपरात लिहिता. माझ्यासाठी बी थोडं डोकं चालवा. औंदाचा हंगाम गेला की भांडी मोडीत घालावी लागतील. मग आमी काय सतरंज्या खायच्या?"

हसत म्हणाली. मी शब्द दिला. धंदावाढीचा रीतसर प्लॅन करतो म्हटलं. आजवर दुसऱ्यांच्या योजनांची टिंगल केली, आता स्वतःची एक करून बघू.

२२ नोव्हेंबर

दोन दिवस मनकर्णाकडं राहून पाहणी केली. भांड्यांची खोली, रस्त्यावरची पाटी, गिऱ्हाइकांचं बोलणं. दाजी बाजेवरून बघत होते.

"मास्तर, पलानमधी बल्ल्या कोण रवणार ते लिवलंय का?"

बल्ल्या लिंबाजी रवतो. दाजींच्या वेळेपासूनचा माणूस, राहायला भीमनगरात. खड्डा खणताना बोलत नाही आणि बोलताना खणत नाही, त्यामुळं कमी बोलतो. मला 'सर' म्हणतो. गावात बाकी सगळे मास्तर म्हणतात, म्हणून हा माणूस मला शहाणा वाटतो.

युक्ती मात्र घरी, पेला हातात असतानाच सुचली. कस्तुराबाई मला एकदाच भेटली तरी मी तिला विसरू शकत नाही, ते का? भांड्यावर नाव आहे म्हणून! तर जो कोणी मनकर्णाकडून मंडप आणि भांडी दोन्ही नेईल, त्याच्या घरच्या नवरा-नवरीचं नाव आणि तारीख एका भांड्यावर मोफत कोरून द्यायची. ते भांडं पुढं प्रत्येक लग्नात फिरणार. पंगत तिथं नाव. जिंतूरवाल्याची व्हिडिओ कॅसेट बघायला घरात मशीन लागतं. पातेलं वाचायला काय लागतं?

हँडबिल लिहून छापायला टाकलं: 'जगदंबाची भांडी न्या, मुलामुलीचं नाव पंगतीत कायमचं ठेवा. नाव मोफत. मग लग्न कोणाचंही असो!' शेवटचं वाक्य मी तालासाठी घातलं. त्याशिवाय ओळ लंगडत होती.

९ डिसेंबर

चाललं! तुळशीचं लग्न लागलं तशी माणसं दारात. आबासाहेबांनी, म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारांनी, थोरल्या मुलीच्या लग्नाला पूर्ण सामान नेलं आणि वरणाच्या पातेल्यावर नाव घातलं. मग बाकीच्यांना चैन कुठली? बोरीच्या बाजारात बन्सीधर म्हणून भांड्यांवर नावं कोरणारा आहे. त्याचं मशीन दातात दुखल्यासारखं किरकिरतं. तो म्हणाला, "सर, अशी चार डोकी असती तर मी पक्कं दुकान टाकलं असतं."

भांडणंही झाली. सटवाजीच्या मुलाचं नाव मनकर्णानं झाऱ्यावर घातलं. तो तडक आला.

"आक्का, माझ्या पोराचं नाव झाऱ्यावर? भोकाभोकातून गळून जाईल की!"

शेवटी परातीवर तडजोड झाली. मनकर्णा मला सोडायला एसटीपर्यंत आली. म्हणाली, "दादा, लय दिसांनी यांनी भाकर चवीनं खाल्ली."

एवढं वाक्य मला कुठल्या संपादकाकडून मिळालेलं नाही.

३० डिसेंबर

प्लॅनचा दुसरा टप्पा. थोड्याच दिवसांत पौष लागेल. पौषात लग्नं नाहीत, भांडी महिनाभर निजलेली. मी सगळा हिशोब समजून घेतला तेव्हा एक गोष्ट दिसली, की भीमनगरात सतरंज्या जातात, भांडी जात नाहीत. मनकर्णाला विचारलं.

"त्यांनी कधी मागितली न्हाईत."

"मागितली असती तर दिली असतीस?"

ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "मागितली असती तर कळलं असतं."

लिंबाजी बाहेर दोर गुंडाळत होता. त्याला म्हटलं, अरे, तुझ्या लेकीचं, पंचफुलाचं, जमलं ना? तो म्हणाला, "जमलं सर. आमच्यात मुहूर्त बघत न्हाईत, पौषात बी लागतं. भांडी वस्तीतली गोळा करून होतंय कसंबसं."

मी हँडबिल त्याच्या हातात दिलं आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. त्यानं कागदाकडं बघितलं. मग मनकर्णाकडं. मनकर्णा म्हणाली, "मोठा सेट ने. लहान पुरायचा न्हाई."

दाजी बाजेवर कूस बदलून भिंतीकडं तोंड करून निजले. कमर दुखत असावी.

घरी येऊन प्लॅनमध्ये लिहिलं: गिऱ्हाइकाला जात नसते. वाक्य बरं साधलं आहे, साप्ताहिकात वापरावं.

१५ जानेवारी १९९४

काल संक्रांत आणि काल पहाटेच मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्षं! एवढ्यात बन्सीधरनं जिल्ह्यातली सगळी भांडी कोरून काढली असती. शाळेत निम्मी मुलं, चौकात पोलिसांची गाडी, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांना तिळगूळ देत गोड बोलत होते, म्हणजे कुणीच काही बोलत नव्हतं. मी लेख लिहायला घेतला. पार्वती म्हणाली, "औंदा नका छापू." मी म्हटलं, मी कुणाला भीत नाही. लेख कपाटात ठेवला आहे. भाषा अजून नीट बसलेली नाही.

२४ जानेवारी

पंचफुलाचं लग्न पार पडलं. भीमनगरात पताका, नवे कपडे, नामविस्ताराची खुशी अजून अंगावरून उतरलेली नव्हती. मनकर्णा अहेर घेऊन आली होती. मी बुंदी, भात, वरण, सगळं खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठ्या, भाताच्या पातेल्यावर नाव घातलं: 'पंचफुला – मिलिंद'. खाली तारीख. पोरगी लाजेनं मान वर करत नव्हती, पण पातेल्याजवळ आल्यावर तोंड उघडलंच.

"सर, माझं नाव एवढं मोठं? शाळेच्या दाखल्यावर बी एवढं न्हवतं!"

नवऱ्या मुलाकडची मंडळी पूर्णेकडची. त्यांच्यातल्या प्रत्येकानं ते वाचलं. लिंबाजीनं अंगठ्यानं एकेक अक्षर पुसून बघितलं, पुसलं जात नाही याची खात्री करावी तसं.

पौषातही भांडी फिरली. प्लॅन अक्षरशः बरोबर ठरला.

१५ फेब्रुवारी

मनकर्णाचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो. दारात सगळी भांडी, जशी गेली तशी परत. आबासाहेबांच्या धाकट्या मुलीचं लग्न परवावर आलेलं. आचाऱ्यानं भाताचं पातेलं चुलीवर चढवायला आडवं केलं आणि नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं, हा त्याचा दोष.

आबासाहेबांचा कारभारी बैलगाडीशी उभा होता. अत्यंत सभ्य माणूस.

"आक्का, आबासाहेबांचं काही म्हणणं न्हाई. ते तर सगळ्यांना मानतात. पण बायकामानसं ऐकत न्हाईत बगा. त्यात आताचं वातावरण असं."

मनकर्णा म्हणाली, "बायकामानसात मी बी येते. माझं कोण ऐकायलंय?"

"तुमी समजून घ्या. सामान जिंतूरहून सांगितलंय."

जिल्ह्यात काहीही अडलं की ते बायकामानसांमुळं अडतं. एवढी सत्ता बायकांकडं आहे, हे त्यांना कुणी कळवलेलं नाही.

सटवाजीनं परातीवरचं नाव पुसून मागितलं. लेकराचं नाव 'तसल्या' भांड्यांत नको म्हणाला. अजून दोन घरांनी सांगितलेलं सामान रद्द केलं. दाजी बाजेवरून ओरडले, "भांडी गेली! आता मला बी मोडीत घाला!"  मनकर्णा राखेनं पातेलं घासत बसली. नाव होतं तिथं हात जपून फिरवत होती.

१७ फेब्रुवारी

डोकं थंड ठेवून विचार केला. अशा वेळी भावनेचा उपयोग नसतो, मांडणी लागते. सुधारित प्लॅन: दोन सेट करायचे. एका सेटच्या बुडाला बारीक ठिपका मारायचा. ठिपक्याचा सेट तिकडं, बिनठिपक्याचा इकडं. कुणाला काही सांगायची गरज नाही, कुणी दुखावणार नाही.

मनकर्णानं ऐकून घेतलं.

"ठिपका कुणाच्या भांड्याला? आबासाहेबांच्या का लिंबाजीच्या?"

"मनू, तो नुसता खुणेचा प्रश्न आहे."

"मग आबासाहेबांच्या भांड्याला मारा."

बायकांना व्यवस्थापन समजावणं अवघड आहे. दाजींना मात्र प्लॅन पटला. "मास्तर पयल्यांदाच शाण्यासारखं बोलले," असं त्यांनी भिंतीला सांगितलं. का कुणास ठाऊक, मला त्या शाबासकीचा आनंद झाला नाही.

२० फेब्रुवारी

आज मी एक काम केलं. मनकर्णा दाजींना दवाखान्यात घेऊन गेली होती. मी भाताचं पातेलं एसटीत घालून बोरीला नेलं. कंडक्टरनं पातेल्याचं तिकीट फाडलं. "मानसाएवढी जागा घ्यायलंय," म्हणाला. बन्सीधरला सांगितलं, नाव घासून टाक.

"सर, आताच तर घातलं."

"तात्पुरतं आहे."

त्यानं मशीनला चाक लावलं. अक्षरं जाताना येतानापेक्षा जास्त ओरडतात. हे मी मनकर्णासाठीच करतो आहे. हंगाम वाचला तर पुढं लग्नं आहेत, नावं आहेत, सगळं आहे. एक नाव ते काय.

त्यांचं लग्न जिंतूरच्या सामानात होऊन गेलं होतं, पण आबासाहेबांनी मानलं की गाव मानतं, म्हणून तिथून परस्पर त्यांच्या वाड्यावर जाऊन कारभाऱ्याला पातेलं दाखवलं. तो वाकून बघून म्हणाला, "नाव गेलं, लय चांगलं झालं. पण शिजलं तर ह्यातच होतं ना?"

परत येताना पातेलं पहिल्यापेक्षा जड झालं होतं. भांड्यांच्या खोलीशी लिंबाजी बल्ल्या मोजत होता. पातेलं उतरवायला त्यानं दुसरा कान धरला. घासलेली जागा त्याच्याच बाजूला होती.

"नाव चांगलं आलतं, सर," एवढंच म्हणाला. पातेलं नीट खाली ठेवलं आणि गेला.

२१ फेब्रुवारी

मनकर्णानं मला एवढ्या वर्षांत कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं.

"माझ्या भांड्याला हात लावायच्या आधी मला इचारायचं होतं."

"तुझ्याच धंद्यासाठी—"

"धंदा माझा हाय ना? मग अब्रू बी माझीच जायलीय. तुमचं काय, तुमी पेपरात लिवून मोकळे. लिंबाजीला 'घे' म्हणून मी सांगितलं होतं. माझ्या तोंडानं."

मी म्हटलं, प्लॅनमध्ये काही धोके गृहीत धरावे लागतात. ती म्हणाली, "चहा घ्या आन जावा, दादा. एसटी निघंल."

चहा घेतला. साखर नेहमीएवढीच होती.

६ मार्च

लिंबाजी कामावर येत नाही. मनकर्णा वस्तीत जाऊन आली. तो घरात होता, 'बाहेर गेलाय' असं त्याच्या बायकोनं सांगितलं. एका छोट्या लग्नाच्या बल्ल्या मनकर्णानं स्वतः रवल्या. मंडप एका अंगाला कलला आणि वऱ्हाडानं हसून घेतलं. नवीन एकही बोलणी नाही. घासलेली जागा बाकीच्या पातेल्यापेक्षा जास्त चकाकते. जो येतो त्याची नजर आधी तिथंच जाते.

१३ मार्च

आज जे कळलं ते आधी का कळलं नाही, याचा दुपारपासून विचार करतो आहे.

येलदरीच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीवरून केवळाबाई आली होती. वयस्कर बाई, नातवाच्या लग्नाला भांडी बघायला. मी तिथंच होतो. पार्वतीनं पाठवलेलं लोणचं द्यायला गेलो होतो, म्हणजे जायला निमित्त म्हणून लोणचं घेतलं होतं. केवळाबाईनं पातेली वाजवून बघितली आणि बोट त्या चकाकणाऱ्या जागेवर ठेवलं.

"हितं कुणाचं नाव हुतं?"

दाजींनी खाकरून मनकर्णाला खूण केली. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"पंचफुलाचं. आमच्या लिंबाजीच्या लेकीचं. भीमनगरातल्या."

 केवळाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अग बया! मग पुसलं कामून? नवऱ्यानं टाकली का काय पोरीला?"

मी लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट केलं.

"लगनाचं नाव कुणी जित्यापणी पुसतं व्हय? न्हाई बाई, टाकलेल्या पोरीचं भांडं मी नातवाच्या लगनाला न्हेत न्हाई. माझी बी पोर अशीच माघारी आलीया."

"टाकली न्हाई, मावशी. सुखानं नांदायलीय."

"मग नाव घाला की माघारी. घाला, मग न्हेते मी सगळं. आमच्या वस्तीवर औंदा चार लगनं हायेत."

ती गेल्यावर मनकर्णानं मला सांगितलं, तिला लिंबाजीच्या बायकोकडून कळलेलं. पंचफुलाच्या सासरी आठ दिवसांपूर्वीच ही गोष्ट पोचली आहे. तिची सासू पहिल्यापासून हुंड्यावरून नाखूश. आता बाया पाणवठ्यावर विचारायल्यात, 'माहेरच्या गावात हिचं नाव पुसलं, ते कशामुळं? काय केलं हुतं हिनं?' लिंबाजी समजूत घालायला दोनदा जाऊन आला. खरं कारण सांगावं तर त्या माणसांनी मनकर्णाचं नाव वाईट घेतलं असतं, म्हणून ते सांगत नाही. नुसतं 'पातेल्याला पोचा पडला, घासावं लागलं' म्हणतो.

"तुमाला कोण सांगणार होतं, दादा? तुमी प्लॅन करायलात."

ती टोमणा मारत नव्हती. तसं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

१९ मार्च

सकाळच्या गाडीनं गेलो. मनकर्णाला म्हटलं, पातेलं नेऊ का? तिनं कुलूप काढून दिलं.

कंडक्टर तोच. "मास्तर, हे पातेलं बी नोकरीला जातंय का रोज?" तिकीट दोघांचं काढलं.

बन्सीधरनं घासलेल्या जागेवर बोट फिरवलं. पत्रा तिथं पातळ झालाय म्हणाला, दुसरीकडं कोरू. मी म्हटलं, तिथंच कोर. तो म्हणाला, मग मशीन नको, हातानं घालावं लागंल, वेळ लागंल. म्हटलं, बसतो. छिन्नीनं ठोका ठोका करत त्यानं नाव घातलं. पहिल्यासारखं सुबक नाही आलं. 'फु' थोडा वाकडा आहे. पण खोल आहे.

"तात्पुरतं का?" त्यानं वर न बघता विचारलं.

"नाही."

उतरलो तेव्हा फाट्यावर लिंबाजी होता, पूर्णेच्या गाडीची वाट बघत, हातात लेकीकडं न्यायची पिशवी. मी पातेलं फिरवून नाव त्याच्या बाजूला केलं. त्यानं वाचलं.  गाडी आली. पायरीवर चढून तो एकदम वळला.

"लग्नाची तारीख बी घातली का खाली?"

"घातली. तीच."

"मग तेवढं सांगतो तिथं." 'सर' म्हणाला नाही. गाडी गेली.

भांड्यांच्या खोलीत सगळ्यात पुढं, नाव रस्त्याकडं येईल असं पातेलं ठेवलं. मनकर्णा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. दाजींनी विचारलं, काय वाजलं? ती म्हणाली, "काही न्हाई. केवळाबाईचं सामान काढायलीय." मग मलाच म्हणाली, "दादा, बल्ल्या रवायला येता येईल का रविवारी?" मी हो म्हणालो. मला येत नाही, हे तिला माहीत आहे.

हँडबिलात 'नाव मोफत' असं छापलेलं होतं आणि ते मी लिहिलं होतं. म्हणून बन्सीधरचे, पुसायचे आणि परत घालायचे, दोन्हीचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. मनकर्णाच्या वहीत ते लावले नाहीत.

घरी यायला उशीर झाला. पार्वतीनं विचारलं, कुठं होता?

"थोडं द्यायचं राहिलं होतं."

तिनं पाणी दिलं. कस्तुराबाईच्या पेल्यातून सगळं प्यायलो आणि पेला धुऊन पालथा घातला.